सहा नंबरचा सुस्कारा

तुम्ही मघापासून मशीनला शिव्या घालताय ना, म्हणून आठवलं. आमच्या इथे रत्नागिरीला किनाऱ्यावरच्या देवळात नवा साउंड मिक्सर घेतला, तो मीच बसवत होतो. बाकी माइक छान, पण सहा नंबरवर एक सुस्कारा. यायचा, विरायचा, पुन्हा यायचा. वायर बदलली, माइक बदलला, तरी तेच. बुवा पेटी उघडून भजनासाठी खोळंबलेले.

"काय झालं रे?" अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे माझे चुलते. जन्म बोटीवर गेला, आता कान गेलेत. घरासमोर समुद्र, पण तो ऐकू येत नाही. त्यांना सांगून काय कळणार, म्हणून हेडफोन त्यांच्याच कानांवर चढवला आणि आवाज वाढवला.

अण्णांनी डोळे मिटले. हळूहळू डुलायला लागले, जसे काही डेकवर उभे आहेत.

"भरती लागलीय," ते म्हणाले.

मी वळून बघितलं. माइकचं तोंड दाराकडे, आणि दाराबाहेर पाणी पायरीपर्यंत आलेलं.

माइक फिरवायला उठलो, तर अण्णांनी डोळे उघडून मनगट धरलं. मी खुणेनं ताटकळलेले बुवा दाखवले.

पुन्हा डोळे मिटत म्हणाले, "बुवा थांबतील रे. भरती थांबते काय?"