सुरुवातीचा हिसका

भाची : हिसका आहे मामा, इथे बघ. आणि इथेही तोच.

मामा : आधी दार लाव. आणि ऑफिसात मला सर म्हणायचं ठरलंय आपलं.

भाची : लावलं दार, सर. आता बघा. ही निळी रेघ वरच्या पाण्यातल्या अन्नाची, आपल्या मॉडेलने, म्हणजे संगणकातल्या खाडीने, काढलेली. ही काळी, खऱ्या खाडीत दोराला बांधून तरंगत ठेवलेल्या बोयावरच्या यंत्राने मोजलेली. दोन्हींना सुरुवातीलाच उसळी आहे.

मामा : असणारच. याला जुळणं म्हणतात, बाळा. इतकं जुळावं म्हणून बाकीचे देव पाण्यात घालून बसतात.

भाची : पण मॉडेलला उसळी येते ती कशाने? संगणक सुरू केला की त्यातलं पाणी आधी ठिकाणावर बसायला धडपडतं, म्हणून. तुम्हीच त्याचं नाव सुरुवातीचा हिसका ठेवलंत. खऱ्या खाडीला कुणी बटण दाबून सुरू केलं?

मामा : निसर्गातही असे हिसके असतात. मी त्यावर परिषदेत निबंध वाचलाय.

भाची : माहीत आहे. त्याचं मानपत्र तुमच्या डोक्यामागे टांगलंय.

मामा : परदेशातल्या लोकांनासुद्धा आपापल्या खाड्यांत तो सापडला, हे विसरू नकोस.

भाची : त्यांनी आपलंच मॉडेल नेलंय, सर.

मामा : लहानपणापासून तू अशीच. जेवायला बसलीस की आधी घासात खडा शोधायचीस.

भाची : सापडायचाही. मला एवढंच सांगा, या आलेखातली, काही वर्षांपूर्वीच्या त्या थंडीतली मोजमापं आली कुठून?

मामा : बोयावरून. उत्तम बोया होता.

भाची : होता. थंडीच्या तोंडावर बर्फाचा कडा कोसळला आणि दोर तुटून तो बुडाला. त्याचं श्राद्धसुद्धा घातलं नाही आपण, नवा टाकायचं तर सोडाच. मग यंत्र खाडीच्या तळाशी पडलेलं असताना रोजचे आकडे पाठवत कोण होतं?

मामा : थांब जरा. थांब. अहवाल द्यायचा होता तेव्हा. आलेखाच्या मधोमध एवढं मोठं खिंडार. पुढचा दात पडल्यासारखं दिसत होतं. आकडे सांभाळायला तेव्हा जो पोरगा होता, त्याला मी म्हटलं, तात्पुरते मॉडेलचेच आकडे भर, खरे आले की काढू.

भाची : खरे आलेच नाहीत. तो दुसरी नोकरी धरून गेला. त्याच्या जागी आलेल्याने फाईलच्या नावातलं ‘तात्पुरते’ काढून ‘अंतिम’ केलं. पुढच्याने ‘अंतिम खरे’. मग आपण थाटात तेच मॉडेल काढलं आणि त्याच आकड्यांशी ताडून पाहिलं.

मामा : आणि जुळलं.

भाची : न जुळायला काय झालं? आरशासमोर उभं राहून स्वतःलाच शाबासकी दिली आपण.

मामा : हळू बोल. त्या शाबासकीवर या मजल्याचं वातानुकूलन चालतं.

(दारावर टकटक करून, उत्तराची वाट न पाहता प्रसिद्धी अधिकारी आत येतो.)

अधिकारी : साहेब, सभागृह तुडुंब. शिंपलेवाले झाडून सगळे आलेत, बायकापोरांसकट. जनमानसात प्रचंड उत्सुकता आहे. फक्त या नकाशावर एक नजर टाका. हा लाल पट्टा कसला?

भाची : लाल म्हणजे तिथे पाण्यात पोषण कमी.

अधिकारी : मग हिरवा करू या ना. लाल बघितलं की लोक बिचकतात.

भाची : हिरवा केला म्हणून पोषण वाढत नाही.

अधिकारी : ताई, पोषण वाढवणं माझ्या विभागाकडे येत नाही. माझ्याकडे रंग येतात. बरं, निवेदन अगदी सोपं करून लिहिलंय, ऐका. ‘उन्हाळ्यात हिमनदी वितळते. ते गोडं पाणी तिच्या बुडाखालून, खोलवरून खाडीत शिरतं. हलकं असल्यामुळे वर चढतं आणि चढता चढता तळाचं सकस पाणी सोबत ओढून आणतं. त्यावर पाण्यातली सूक्ष्म वनस्पती वाढते आणि तिच्यावर आपले शिंपले पोसतात.’ बरोबर ना?

भाची : इथपर्यंत एकदम बरोबर.

अधिकारी : ‘पुढेमागे हिमनदी मागे सरकून जमिनीवर गेली, तरी चिंतेचं कारण नाही. अन्न वर राहणारच, असं आमचं मॉडेल सांगतं. तरी ज्यांवर शिंपले वाढवतो ते दोर खाडीच्या आतल्या टोकाला, हिमनदीजवळ, निर्धास्तपणे हलवावेत.’ निर्धास्तपणे हा शब्द मी घातला. आवडला का, साहेब?

मामा : छान आहे. तुम्ही व्हा पुढे. आम्ही आलोच.

अधिकारी : लवकर या. अध्यक्षांनी भाषणाचा दुसरा कागदही संपवत आणलाय. तिसरा त्यांच्याकडे नाही.

भाची : गेला. आता बोल, मामा. ‘अन्न वर राहणारच’ हे आपण कशावरून म्हणतो?

मामा : सर.

भाची : आता मामाच. सांग.

मामा : थंडीत वितळणं थांबतं. खालून पाणी ढकलणारं कोणी उरत नाही. हिमनदी जमिनीवर गेली की कायमचं तसंच होणार. त्या थंडीतही वर अन्न टिकलेलं दिसलं, म्हणून पुढेही टिकेल.

भाची : दिसलं कुणाला?

मामा : मॉडेलला.

भाची : आणि बोया बुडायच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत? ते आकडे खरे आहेत. वितळणं मंदावलं तसं वरचं अन्न भराभर उतरत गेलंय. हे बघ, इथे. हिमनदीने पाण्यातून पाय काढला की तळाचं सकस पाणी तळाशीच राहणार. वर नुसतं गोडं पाणी तरंगेल, दुधावरच्या सायीसारखं. आतल्या टोकाला दोर नेलेले शिंपले उपाशी मरतील.

मामा : लगेच नाही मरणार. हिमनदी काय उद्या सामान बांधून निघाली नाही.

भाची : यंदा तिचा एक कोपरा पाण्याबाहेर आलाय. तूच तर फोटो दाखवलास सगळ्यांना.

मामा : दाखवला. देखणा आला होता फोटो. ऐक, आपण आज मोघम बोलू. अनिश्चितता आहे, अधिक संशोधनाची गरज आहे. यात खोटं काहीच नाही. अधिक संशोधनाची गरज नाही असं कोणी कधी म्हटलंय?

भाची : आणि त्यांनी दोर हलवले तर?

मामा : हलवायला परवाने लागतात, वेळ लागतो. तोवर आपण नवा बोया टाकू, गुपचूप दुरुस्ती करू, सुधारित आवृत्ती काढू. सुधारित म्हटलं की आधीचं चुकलं होतं असं कोणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही. आणि तुझ्या दादाला मी आज घरी जाऊन सांगतो, तू एवढ्यात हलवू नकोस. तो माझा भाचा आहे. त्याला फसू देणार नाही मी.

भाची : म्हणजे घरच्याला खरं आणि गावाला मॉडेल.

मामा : अगं, माझं सगळं आयुष्य या मॉडेलमध्ये गेलंय. तू रांगत होतीस तेव्हापासून. त्या सभागृहात उभं राहून मी काय सांगू, की मी माझाच आवाज ऐकला आणि समुद्र बोलला असं समजलो? लाज वाटते मला. तुझ्यासमोर वाटते, तर त्यांच्यासमोर काय होईल?

भाची : दादाने दोर हलवले, मामा.

मामा : काय?

भाची : मागच्या आठवड्यात. पहिला परवाना त्यालाच मिळाला. खाडीच्या तोंडाजवळची जुनी जागा शेजाऱ्याला देऊन मोकळा झाला. वहिनी म्हणत होती, सभा होईपर्यंत थांबा. तर म्हणाला, सभा बाकीच्यांसाठी आहे, माझा मामाच मॉडेलवाला आहे.

मामा : मला विचारायचं तरी एकदा.

भाची : विचारलं होतं त्याने. आईच्या वाढदिवसाला. तू म्हणालास, आकडे खोटं बोलत नाहीत.

मामा : म्हणालो खरा. दुसऱ्यांदा वाढून घेता घेता म्हणालो. आता कुठे आहे तो?

भाची : खाली. पहिल्या रांगेत. नवा शर्ट घालून आलाय, तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला.

मामा : मग आधी त्याला बाजूला घेऊन सांगतो. जुनी जागा परत मागता येते का बघू. मग मंचावर जाऊन...

भाची : आणि त्याच्या मागच्या रांगा? सगळे त्याचेच दोर बघून परवान्याचे अर्ज घेऊन आलेत. एकट्याला बाजूला घेतलंस तर बाकीच्यांकडे कोणत्या तोंडाने बघशील?

मामा : ते अध्यक्ष काय म्हणतील?

भाची : त्यांचा कागद संपलाय. ते काही म्हणणार नाहीत.

मामा : आणि ताई? तिचं कसं? जिथे तिथे सांगत फिरते माझ्याबद्दल.

भाची : आईने शेजारची खुर्ची पर्स ठेवून धरलीये. तुझं बोलून झालं की तिथे येऊन बस.