शिकरा आन आग्या

माझं म्हायेर लोणंदचं, सासर पाटणच्या वर डोंगरात. लगीन झालं तवा इंग्रजांची मोठी लढाई चालू हुती आन मालक पलटणीत, म्हंजी काय सांगू तुमाला, नवऱ्याचं त्वांड बघायला रजेची वाट बघायची. एका रजेत त्यांनी शिकरा धरला. पारव्याएवढं पाखरू, पर डोळं लालभडक. मुठीवर बसवायचे आन लाव्या-तितरावर सोडायचे. लावा घावला की जित्ताच सोलायचा त्यो, मला बघवायचं न्हाई. मालक सासऱ्यांना म्हनायचे, आवं आबा, ह्याच्यावानी शूर कोन न्हाई. आबा म्हनायचे, आरं ह्यो एकाला मारतो आन प्वाट भरलं की गप बसतो, पर खळ्यावरच्या उंबराला आग्यामव्हाळ हाय न्हवं, ती माशी खवळली की गावाला पुरून उरती, आन सवता मरायला भीत न्हाई. मालक हसायचे.

भाताची मळणी चालली हुती, भर दुपार. शिकऱ्याला खळ्यात दाणं टिपणारा होला दिसला, मालकांच्या मुठीवरनं हिसका मारून सुटला, होला जीव घिऊन उंबरात शिरला, ह्यो मागनं, आन धाडदिशी मव्हाळावरच आपटला. मग काय, काळा ढगच उठला हो. आबांनी पेंढ्यात मुंडकं खुपसलं. मालकांनी माझ्यावर घोंगडं टाकलं, म्हनले, हलू नगंस. भाईर बैलं हंबरत हुती, सर्ज्या आन पवळ्या, खळ्याच्या खांबाला बांधल्याली. मग ह्यांचा आवाज, सर्ज्या, थांब रं, सोडतो. मग वरडनं, लय वरडनं. मग नुसती घूं घूं.

घोंगडं काढलं तर पवळ्या सुटून गेल्याला, सर्ज्या त्वांडाला फेस येऊन मेल्याला, आन मालक त्याच्या श्येजारी. त्वांड वळखू येत न्हवतं, कानात, नाकात, जिभंवर माश्या. आबा नखानं काटं काढत बसले, बोटं रगताळली त्यांची. सांजंला जीव गेला. तिकडं लढाईत गोळी चाटून गेली न्हवती हो.

दुसऱ्या दिशी शिकरा आपसूक परत आला, दांडीवर बसून वरडाय लागला, खायाला मागत. आबांनी त्याची मानगूट धरली. मी म्हनलं, आबा, नगा, त्याला काय कळतंय. मग त्यांनी पायातली दोरी तोडली, त्याला उडवून दिला आन तितंच बसून रडले.

तवा माझ्या पोटात ल्योक हुता, त्याच्याजवळ आता सांगलीत हाय, विश्रामबागंत. नात इचारती, आजी, तुला राग कुणाचा येतो, पाखराचा का माशीचा? कुणाचाच न्हाई गं बाय, त्यांची जातच ती. राग येतो तो तुझ्या आज्याचा. बैल दुसरा मिळाला आसता की.

जाऊ द्या. तुमी च्या घ्या, निवंल. लेकरंबाळं सुखात ऱ्हाऊ द्यात तुमची.