आईसाठी राखलेली शहाळी

हॅलो? … हो गं लागी, येतंय ऐकू, बोल… हो, इकडे ऑकलंडला सगळं ठीक. तिकिटं झाली. आपियात डायलिसिसला जागाही मिळाली, डॉक्टरांचं पत्र तिकडे गेलंय. विमानातून उतरलो की आधी मशीन, मग दुसऱ्या दिवशी बोटीने सवाई बेटावर, तुमच्याकडे…

अगं, जमेल आईला. मूत्रपिंडं गेलीत, पण जीभ शाबूत आहे. सकाळपासून मला फैलावर घेतलंय… बॅगेवरून. मी औषधं भरते, ती काढते आणि त्या जागी कॉर्न बीफचे डबे कोंबते. भावाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ का, म्हणते… हास तू, हास.

काय राखलंय? … शहाळी? मामांनी? … मूत्रपिंडाला चांगली, हे कोणी सांगितलं? … पाद्र्यांच्या बायकोने. बरं… हो, हो… अगं ऐक ना. तुझ्यामाझ्यासारख्यांना चांगली. आईला नाही. शहाळ्यात पोटॅशियम असतं. आपल्या अंगातून ते बाहेर पडतं, तिच्या अंगात साठतं. फार साठलं की हृदय थांबू शकतं… घाबरवत नाहीये गं, आहे ते सांगतेय. एकसुद्धा शहाळं नाही. तारोचे कंद, केळी, नारळाचं दूध, तेही मी बघून देईन तेवढंच.

मामांना दे बघू.

तालोफा, मामा, नमस्कार! मी सिनेवा… हो, आई बरी आहे… ऐकतेय…

नाही मामा, तुमच्या मायेवर कोण बोलतंय? … कळतं मला. सगळ्या गावासमोर स्वागताचं पहिलं शहाळं बहिणीच्या हातात द्यायचं आणि तिने ते नाकारायचं, मग तुम्ही मान वर कशी करायची…

मग नाकारायचंच नाही. तुम्ही द्या, ती दोन्ही हातांनी घेईल. पिईन मी… का नाही चालणार? बहिणीच्या लेकराचा मान बहिणीएवढाच, असं म्हणून तुम्हीच मला एवढीशी असताना सगळ्या म्हाताऱ्यांच्या वर बसवलं होतंत… हो, भोकाड पसरलं होतं. आता नाही पसरणार.

गावाला? … तुमच्या वतीने भाषण करणारा आहे ना, तो सांगेल की लेक आईच्या वतीने पितेय. त्याला काय, कुठेही लावा, तासभर बोलेल… झालं तर मग.



… तिला काय द्यायचं? … बर्फ द्या. खरंच सांगतेय. छोटासा खडा, तोंडात धरायला. पाणी मोजून प्यावं लागतं तिला, तहानेने जीव नुसता कासावीस होतो. आणि वारा येतो त्या बाजूला चटई टाका…

काय? … … नाही मामा. निरोप घ्यायला येत नाहीये ती… पुन्हा कधी येऊ शकेल का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. म्हणून तर या खेपेला तिला नीट आणायचंय आणि नीट परत न्यायचंय. ते मी करीन.

फक्त एक. बोटीच्या उतारावरून तिला चालवणार नाही. धक्क्यावर दोन धट्टेकट्टे मुलगे पाठवा, उचलून घ्यायला… कोण? … तुम्ही?

मामा, भावाने बहिणीपासून अंतर राखायचं ही रीत, म्हणून तुम्ही जन्मात तिच्या शेजारी बसला नाहीत… हो… हो… नाही, मी कशाला नको म्हणू?

पण हे मी नाही विचारणार तिला. उचलून घेऊ का, ते तुम्हीच विचारा. पलीकडच्या खोलीत आहे, बॅग पुन्हा उघडून बसलीय… थांबा हं.

आई, हे राहू दे आधी. फोन घे. तुझा भाऊ काहीतरी विचारतोय.