झडतीले झडतीनंच उत्तर

मी मुकुटबनच्या बाजूच्या खेड्यातली, कापूस-तुरीच्या घरातली. काय सांगू तुम्हाले, आमच्या घरी माह्याआधी कोणी कॉलेजाची पायरी चढलं नव्हतं, मी यवतमाळले राहून शेतीची पदवी घेतली अन् निकाल लागला तशी एका पिकाच्या औषधाच्या कंपनीत लागली, तर बाबानं अख्ख्या गावात पेढे वाटले. माही पोरगी सायबीण झाली म्हणे. पानठेल्यावर तेच, बाजारात तेच, दुसरी गोष्टच नाही.

अन् सायबीण काय करे, तर गाडीवर बाटल्या घेऊन गावोगाव फिरे. पराटी म्हणजे कपाशीचं झाड, ते वाढवाचं टॉनिक. कंपनीचा सायेब रोज सकाळी फोन करे, आज किती खपवणार. मी म्हटलं सायेब, औंदा कपाशी अशीच जोरात आहे, तिले टॉनिक कायले पाह्यजे, तर म्हणे तुले शिकवाले ठेवलं का विकाले. मी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, येताना दिसली का जाणते माणसं पराटीत बसून घेत, खोटं नाही सांगत, माह्यापासून लपत. जेवण जाये ना. डबा तसाच वापस येये, माय उघडून पाहे अन् काही बोलत नसे. तिले समजलं होतं. पण बाबाले सांगू कशी, पेढे वाटले होते त्यानं. सोडू का नको, सोडू का नको, गाडी चालवताना डोक्यात हेच.

बाबानं तर कहरच केला. म्हणे पह्यले आपल्या वावरात मारू, नाही तर लोक म्हणतील सायबिणीचा बापच औषध घेत नाही. मी लय समजावलं, बाबा, आपल्या पराटीले गरज नाही. ऐकते कुठं. मारलं. मंग पराटी अशी माजली का विचारू नका, छातीले लागली, नुसता पाला, पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, गळून खाली. अन् वावर रस्त्याच्या कडेले, येणारा-जाणारा पाहे.

अशातच पोळा आला. आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे राह्यले का झडत्या होतात, जोडून म्हटलेल्या ओळी, ज्याले जे टोचाचं ते त्यातच टोचाचं, अन् राग धराचा नाही, झडतीले झडतीनंच उत्तर द्याचं. नाही जमलं तर मान खाली घालाची. शेजारचे शामराव काका यात पट्टीचे. हात वर करून म्हणाले, पोरगी झाली सायबीण, गाडीवर फिरते, पराटी गेली आभाळाले, बोंड कुठं धरते, एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव. सारा पोळा हासला. बाबाले शेकड्यानं झडत्या येतात, पण त्या दिवशी एक सुचली नाही. कासरा हातात धरून मान खाली.

मी बायांसंग देवळाच्या ओट्यावर. काकाचा राग नाही आला मले, काका खरंच बोलले होते. पण बाबाची मान पाहवली नाही. तोरणाखाली आमच्यात बाया जात नाहीत. मी उतरली, माय म्हणे कुठं चालली वं, मी सरळ बाबाच्या बैलापुढं जाऊन उभी राह्यली अन् म्हटलं, सायेबाची बाटली सायेबाच्या घरी, उद्या देतो वापस अन् येतो माह्या वावरी, एक नमन गौरा पारबती. पुढचं हर बोला साऱ्यायनं मिळून म्हणाचं असते, पण कोणी म्हणे ना. अन् मंग बाबानंच मान वर करून आरोळी ठोकली, हर बोला हर हर महादेव. काय सांगू, अख्खा पोळा गरजला.

दुसऱ्या दिवशी बाटल्या अन् गाडी दोन्ही कंपनीत जमा केल्या. सायेब म्हणे पस्तावशील. मी म्हटलं सायेब, पोळ्यात बोलून बसली, आता शब्द फिरत नाही. एसटीनं घरी आली, खिडकीत बसून एकटीच हासत होती मी.

आता गावच्या शेतकरी गटानं मले ठेवलं आहे. वावरं पाहतो, काय मारा ते सांगतो, अन् जास्त करून आज काहीच मारू नका हेच सांगतो. पगार तेवढा नाही, पण लोक धुऱ्यावरून हाक मारतात. औंदाच्या पोळ्यात शामराव काकानं झडतीले वर केलेला हात खाली घेतला अन् म्हणाले, पह्यली झडती पोरीची.

तुमच्याही घरी पोरगी असन, नोकरीवर जात असन. तिचा डबा कधी भरलेला वापस आला तर मायसारखं चूप बसू नका, विचारजा तिले. माहा आता रोज रिकामा येते. देव तुमचंही असंच करो.