खळ घातलेला सदरा

कृपादान : हन्ने, ती गार चकती आधी चुलीपाशी धर की! डॉक्टर झाली म्हनून बापाला हिव भरवती का?

हन्ना : झाले कुठे बाबा, अजून दोन वर्षं आहेत पुण्यात. बोलू नका. मोठा श्वास घ्या.

कृपादान : घेतला. सोडू का ठिवू?

हन्ना : सोडा हो! पुन्हा… ही करकर कसली?

कृपादान : सदऱ्याची असंल. तुझ्या आईनं खळ घातलीया. कंट्रोलचं कापड, पन बघ कसं पत्र्यावानी उभं ऱ्हातंय.

हन्ना : तपासून घ्यायला एवढं नटून कोण बसतं?

कृपादान : कारखान्याच्या डागदराम्होरं आमी समदे असंच जातो. मळका मानूस दिसला, की त्यो लांबूनच ‘पुढचा’ म्हनतो. आन आज तर घरची डॉक्टरीन.

हन्ना : बाबा…

कृपादान : काय गं?

हन्ना : काही नाही. खोकला कधीपासून आहे?

कृपादान : गंधकाच्या भट्टीवर कोन खोकत न्हाई? खाजाभाई खोकला, की पाळी सुटल्याचा भोंगा वाजला वाटतं. तुझ्या पुस्तकात गंधकाचं काय लिवलंय?

हन्ना : खरजेवर मलम.

कृपादान : मंग आमाला खरूज व्हायची न्हाई! बोल, पास का नापास?

हन्ना : पास. छाती स्वच्छ आहे.

कृपादान : आज पाळीवर समद्यांना सांगतो.

(आठवड्यानंतर. कृपादान बसला होता त्याच खाटेवर खाजाभाई.)

खाजाभाई : सांगितलं त्यानं बेटी, समद्यांना सांगितलं. भट्टीचं झाकन उघडलं, धूर कोंडला, आमी बाहेर पळालो. मी वरडलो, कृपादान, चल! तर म्हनतो, माझी छाती पोरीनं पास केलीया, तू जा, मी झाकन लावतो. मागनं त्याला उचलूनच आनला, तवा जीव न्हवता.

हन्ना : हे आईला सांगू नका, चाचा.

खाजाभाई : न्हाई सांगत. तुला तरी का सांगितलं, कळंना.

हन्ना : बरं केलंत. पुण्यात आम्हांला शिकवतात, रोग्याचं वय विचारा, गाव विचारा, जेवण विचारा. काम विचारायला कुणी सांगत नाही. मला तर विचारायचीही गरज नव्हती. लहानपणापासून त्यांच्या अंगाला तोच वास.

खाजाभाई : शिकतीच हाईस अजून.

हन्ना : शिकलेय की! मुडद्यांची चिरफाड केली, वर्गात पहिली आले. करकर ऐकली आणि खळीवर ढकलली. चाचा, मी सदऱ्याची तपासणी केली. सदरा ठणठणीत होता.

खाजाभाई : असं बोलू नगं.

हन्ना : दोनच शब्द म्हणायचे होते. बापाला कसं म्हणायचं, म्हणून लाजले. डॉक्टरीणबाई लाजल्या!

खाजाभाई : बापाम्होरं लेक लाजनारच. ते ऱ्हाऊ दे, मला तपास. आजपास्नं परत भट्टीवर जायचं हाय. बघ, तुझ्याकडं यायचं म्हनून तुझ्या चांदबीचाचीनं सदऱ्याला खळ घालून दिलीया. चांगला दिसतो ना?

हन्ना : चांगला दिसतो.

खाजाभाई : मंग लाव ती चकती.

हन्ना : चाचा.

खाजाभाई : हां बेटी?

हन्ना : सदरा काढा.