एक अंगठा, दोन साक्षीदार

...आणि वर मला विचारतो कसा, "काका, तुम्हाला फोटो सुंदर हवा की खरा?" अहो, हा काय प्रश्न झाला? सत्तरी गाठलेल्या माणसाला भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर विचारायचा हा प्रश्न आहे? जे खरं तेच सुंदर, असं ऐकत, गात आणि मानत आम्ही म्हातारे झालो, आणि हा फोन विकणारा गृहस्थ काउंटरवर हात टेकून त्या दोघांची फारकत करतो!

पण तुम्ही म्हणाल, आजोबा, मुळापासून सांगा. सांगतो. तुम्हाला सांगतो, मला फोटोंची हौस नाही. या नाशिवंत देहाच्या किती म्हणून प्रतिमा काढून ठेवायच्या? मला फोटो हवा होता तो एका अंगठ्याचा. आमच्या सौभाग्यवतींच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा. तिला मधुमेह. पायाच्या बोटांची जाणीव जवळजवळ गेलेली. नवी चप्पल लागली, कातडं सोललं, रक्त वाहिलं, आणि हिला त्याचा पत्ताच नाही! फरशीवर लाल ठिपके दिसले तेव्हा उलट माझ्यावरच डाफरली, "अहो, हे काय सांडत आलात घरभर?"

डॉक्टरीणबाई हुशार, पण त्यांचा दवाखाना गावाच्या त्या टोकाला, आणि हिला चालायची बंदी. म्हणून त्यांनी युक्ती काढली. "काका, एक दिवसाआड बँडेज सोडायचं, खिडकीच्या उजेडात फोटो काढायचा, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि मला पाठवायचा. जखम काळी दिसली, सुजली, ओलसर वाटली, तर तसेच निघून या. मधुमेहाचा पाय आहे. हयगय झाली तर अंगठा काढावा लागेल." काढावा लागेल! कसं सहज म्हणाल्या! भिंतीतला खिळा काढावा तसं! ही शेजारी बसून मान डोलावत होती. पण घरी येईपर्यंत तिने माझी बाही सोडली नाही, आणि मीही ती सोडवून घेतली नाही.

तर, आमचा फोन सहा वर्षांचा. पाठीला तडा, भिंगावर ओरखडा, आणि त्याने काढलेला प्रत्येक फोटो कुणी धुक्यात उभं राहून, तेही रडत रडत काढल्यासारखा. दोन आठवडे डॉक्टरीणबाईंनी सोसलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन: "काका, मी काय बघतेय? हा अंगठा आहे की भाजलेला बटाटा? फोन बदला हो!"

म्हणून मी त्या दुकानात. आणि तो दुकानदार... काय त्याचं पाठांतर! मला तरुणपणी इतकं पाठ असतं तर मी कुठल्या कुठे गेलो असतो. "दोनशे मेगापिक्सेल, काका! तीन भिंगं! रात्रीचे फोटो दिवसासारखे! चंद्रावरचे खड्डे दिसतील, खड्डे!" मी म्हटलं, "अरे बाबा, चंद्राला मधुमेह नाही. मला अंगठा दाखव." तेव्हा तो हसला आणि विचारता झाला, सुंदर हवा की खरा! मी म्हटलं, "खरा." तो म्हणाला, "हा दोन्ही देतो." बघा, गारुडी टोपलीत दोन साप असल्याचं सांगतो तसं. माणूस मात्र मनाचा मोठा. दाखवायला ठेवलेला फोनच मला दिला. "दोन दिवस घरी वापरा. जुन्याशी ताडून बघा. पसंत पडला तर शनिवारी संध्याकाळी सातच्या आत जुना मला आणून द्या, त्याच्यावर सूट मिळेल. सातनंतर सूट नाही."

शनिवारी सकाळी मी अंगठ्यासमोर बसलो. स्टुलावर पाय, पायाखाली पांढरा टॉवेल, शेजारी मोजपट्टी, डाव्या हाताला जुना फोन, उजव्या हाताला नवा. आधी जुन्याने काढला. मग नवा उघडला, तर त्या फोनने काय करावं? अंगठ्याभोवती पिवळा चौकोन काढला! चौकोन! चेहरा समजला हो अंगठ्याला! आणि वर पडद्यावर अक्षरं: "कृपया हसा." आता अंगठ्याने हसायचं कसं? ही म्हणाली, "काय झालं? थांबलात का?" मी म्हटलं, "तो तुझा अंगठा हसायची वाट बघतोय." ती म्हणाली, "मग बसा वाट बघत. तीन आठवड्यांत माझ्या पायाला हसण्यासारखं काही घडलेलं नाही."

काढला फोटो. दोन्ही शेजारी शेजारी धरले, आणि बघतो तर काय? जुन्या फोनमध्ये अंगठा काळा. कोळशासारखा. नव्या फोनमध्ये तोच अंगठा, त्याच खिडकीत, त्याच मिनिटाला, गुलाबाच्या पाकळीसारखा! ना सूज, ना डाग, ना सुरकुती! बायकोचं वय अडुसष्ट आणि अंगठ्याचं अठरा! आता सांगा, साक्ष कुणाची मानायची?

हिला नवा फोटो दाखवला, तर ही उठायलाच लागली. "अहो, भरली की जखम! सोमवारपासून मी फिरायला जाणार. तीन आठवडे खिडकीतून त्या समोरच्या भिंतीकडे बघतेय, आता त्या भिंतीलाही माझा कंटाळा आला असेल." मी घाबरून जुना दाखवला. ती खाली बसली. पाय टॉवेलात गुंडाळून घेतला, लेकराला घ्यावं तसा. मग हळूच म्हणाली, "तो नवा परत दाखवा."

मुलीला दोन्ही पाठवले. ती परगावी. "बाबा, जुना फोन बाद झालाय, फेकून द्या तो! आई बरी होतेय, तुम्ही उगाच काळजी करता!" मी म्हटलं, "अगं, पण कशावरून?" "बाबा, दोनशे मेगापिक्सेल आहेत!" म्हणजे बघा, पूर्वी आप्तवचन प्रमाण असे, आता मेगापिक्सेल. मी विचारलं, "आणि तो फोन तुझ्या आईच्या अंगठ्याला चेहरा समजला, त्याचं काय?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फोनशी भांडताय." अहो, फोनशी कोण भांडतंय? मी फक्त विचारतोय, साक्ष कुणाची मानायची?

मनुष्यस्वभाव बघा. काळा फोटो पाठवायला माझं बोटच धजेना. मी गोड साक्षीदार निवडला. नवा फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवला. लगेच उत्तर: "वा! छान! आठ दिवसांनी पाठवा." ही खूष. मीही खूष. चहा झाला. पण चहा घशाखाली उतरल्यावर आतला एक जण बोलू लागला. तो गप्प बसत नाही. जपाला बसलो तरी बोलतो, किंबहुना तेव्हाच जास्त बोलतो. म्हणाला, स्तुती पाठवलीस, निंदा का लपवलीस? साडेपाच वाजता मी काळा फोटोही पाठवून दिला.

फोन खणखणला. "काका! हा कुणाचा पाय?" "तिचाच." "मग सकाळचा कुणाचा होता?" "तोही तिचाच." "काका, मोजपट्टी एक, नख एक, टॉवेल एक, आणि पाय दोन? थट्टा करताय का?" मी म्हटलं, "बाई, थट्टा मी नाही करत, हे दोन फोन माझी करताहेत." त्या शांतपणे म्हणाल्या, "फोन बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला काय दिसतंय?"

आणि मंडळी... तीन आठवड्यांत मी तो अंगठा स्वतः पाहिलाच नव्हता! बँडेज सोडायचं की फोन समोर धरायचा, पडद्यात बघायचं, बोट दाबायचं, पाठवायचं, की पुन्हा बँडेज. घर माझं, बायको माझी, पाय हाताच्या अंतरावर, आणि मी ते सगळं काचेतून बघत होतो! वाकलो. नाक टेकेपर्यंत वाकलो. तुम्हाला सांगतो, मला काय दिसलं? धूसर. लाल म्हणावं तर लाल, काळं म्हणावं तर काळं. ही वरून म्हणाली, "मला वाकता येत नाही, तुम्हाला दिसत नाही. आपण दोघं मिळून एक धड माणूस होत नाही." साक्ष कुणाची मानायची म्हणून मी जगाला विचारत फिरत होतो, आणि तिसरा साक्षीदार, म्हणजे मीच, असा फितूर!

"तसेच निघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गाडी बोलावली. पायाखाली उशी, पाय माझ्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला मी नाव घेतो, देवाचं की रस्ता करणाऱ्याचं, ते विचारू नका. सिग्नल लागला. पुन्हा लागला. ही एकाएकी म्हणाली, "काढायचा म्हणाल्या तर काढू द्या. रडू मात्र नका. तुम्ही रडलात की मलाच समजूत घालावी लागते." मी म्हटलं, "मी कुठे रडतोय?" ती म्हणाली, "मग मांडीवर काय सांडलंत?"

दवाखान्यात बाईंनी दिवा ओढला, हातमोजे घातले, अंगठा दोन बोटांत धरून कडेने दाबला. एकदा. दोनदा. आणि त्याच क्षणी माझ्या खिशात फोन. दुकानदार! "काका, सातला पाच कमी आहेत! कुठला ठेवताय, जुना की नवा?" मी ओरडलो, "दोन्ही खोटे आहेत!" आणि बंद केला. पुढच्या खोलीत बसलेली माणसं माझ्याकडे बघू लागली. म्हटलं बघा, तुम्हाला तरी दिसतंय.

बाई म्हणाल्या, "वरून मिटलीय. आत कडेला पू आहे. थोडा. साफ करते, औषध बदलते. काळं काही नाही, तो तुमच्या जुन्या फोनच्या खराब भिंगाचा डाग. आणि सूज आहे, ती नव्या फोनने पुसून टाकली." म्हणजे बघा! एकाने फुकटची निंदा केली, दुसऱ्याने फुकटची स्तुती, आणि आतलं कुणालाच दिसलं नाही! "अंगठा?" मी विचारलं. "राहील. पण आठ दिवसांनी आला असतात तर मी हे म्हणू शकले नसते." हिने डोळे मिटले. मी भिंतीला टेकलो.

"आता फोटो बंद," बाई म्हणाल्या. "रोज दोनदा, उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. ही कडेची लाल रेघ दिसतेय ना, ती नखापर्यंत सरकली तर फोन करायचा. दिसतेय ना?" मी म्हटलं, "कुठली रेघ?" त्यांनी बोट ठेवलं. "ही." मी म्हटलं, "हो हो." ही पडल्या पडल्या म्हणाली, "खोटं बोलताहेत. आज दुपारी माझ्या चहात सुंठ म्हणून मीठ घातलं त्यांनी. मी बोलले नाही." बाईंनी हातमोजे काढले आणि माझ्या नाकावरच्या काचांकडे असं बघितलं, जसं तोवर अंगठ्याकडे बघत होत्या. "काका, हा चष्मा कधीचा?" "मुलीच्या लग्नातला." "लग्न कधी झालं?" "नातू आता सातवीत आहे."

तर मंडळी, सोमवारी सकाळी मी चष्म्याच्या दुकानात. काळोखी खोली, उंच खुर्ची, हनुवटी लोखंडी पट्टीवर, समोर अक्षरं. ती तपासणारी बाई माझ्या डोळ्यांपुढे एक काच सरकवते, मग दुसरी, आणि गोड आवाजात विचारते, "काका, आधीची बरी होती की ही नवी?" मी म्हटलं, "बाई, पुन्हा दाखवा." ती म्हणाली, "आधीची... की नवी?" मी म्हटलं, "ज्यातून बायकोच्या अंगठ्याची लाल रेघ दिसेल ती द्या, आणि मला सोडा." ती म्हणाली, "सोडते की, काका. पण हा झाला फक्त उजवा डोळा."