बँडच्या आधी

शेवगावच्या एसटीत सायमन कुकाण्याला उतरणार होता. पुढच्या बाकावर आजी आणि नात मोबाईलवर नाचाच्या बँडचे जुने इंग्रजी गाणे ऐकत होत्या.

"आजी, या गाण्याच्या मूळ तबकडीवर नुसतं बँडचं नाव आहे. गाणारी कोण, कुणालाच माहीत नाही."

"अगं कृपा, ही तर आमची मार्थामावशी!"

"कशावरून?"

"बँडच्या आधीच गायला लागती बघ. चर्चमधले पेटीवाले डुलक्या काढायचे, म्हनून ही आधी सुरू करून त्यांना जागं करायची. ती खोड मुंबईत पन गेली न्हाई."

"म्हणजे ती खरंच बँडमध्ये गायची?"

"व्हय. मुंबईत बँडात गाती असं सांगायची, अन् आमी तिला जन्मभर थापाडी म्हनायचो."

"मग इथं नेटवरच्या जुन्या गाण्यांच्या यादीत गाणारीचं नाव काय लिहू?"

"मार्था शेलार. खाली लिही, थापाडी न्हवती."

"असं नाही लिहीत, आजी."

"मग आवाज वाढव. सगळ्या गाडीला ऐकू दे."

कुकाणे आले आणि गेले. सायमन गाणे ऐकत बसूनच होता.